एका टप्प्यात एकच गाडी: भारतातील भीषण रेल्वे अपघात कसे घडत गेले

गाडी फलाट सोडून निघाली की शेवटच्या डब्याच्या पाठीवर पिवळ्या रंगात रंगवलेली एक मोठी फुली दिसते. तिच्याजवळ ‘एलव्ही’, म्हणजे ‘लास्ट व्हेईकल’ (शेवटचा डबा), अशी अक्षरे असलेली छोटी पाटी अडकवलेली असते आणि अंधार पडल्यावर तिथेच लाल दिवा लुकलुकतो. न थांबता जाणाऱ्या गाडीला हिरवा झेंडा दाखवत उभा असलेला लहान स्टेशनातला कर्मचारी इंजिनाकडे पाहतो, पण त्याची खरी नजर या फुलीवर असते. फुली दिसली म्हणजे गाडी अख्खी गेली, तिचा एखादा डबा तुटून मागे राहिलेला नाही, एवढे त्याला कळते. आणि हे कळल्याशिवाय त्या मार्गावर मागची गाडी सोडायची नाही, असा नियम आहे.

रेल्वेची सारी सुरक्षा या एका गोष्टीभोवती उभी आहे. दोन स्टेशनांमधल्या किंवा दोन सिग्नलांमधल्या रुळाला एक टप्पा मानायचा, रेल्वेच्या भाषेत ‘ब्लॉक’, आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू द्यायची. असे का करावे लागते, हे समजण्यासाठी चाक आणि रूळ यांच्याकडे पाहावे. दोन्ही पोलादाचे असल्यामुळे त्यांच्यातले घर्षण फार कमी असते. म्हणूनच एक इंजिन हजारो टन माल ओढू शकते, आणि म्हणूनच ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे धावणारी गाडी ब्रेक लावल्यानंतरही कित्येकशे मीटर, कधी किलोमीटरभर पुढे जात राहते. रस्त्यावरच्या ट्रकचालकाप्रमाणे ‘समोर दिसले की थांबू’ असे इंजिनचालकाला म्हणता येत नाही, कारण दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. त्याला पुढच्या स्टेशनाच्या शब्दावर विश्वास ठेवूनच गाडी हाकावी लागते. त्या शब्दाला ‘लाईन क्लिअर’ म्हणतात. एकेरी मार्गावर हा शब्द अक्षरशः हातात दिला जात असे: स्टेशनातल्या यंत्रातून पोलादी गोळा काढायचा, तो चामड्याच्या पिशवीत घालून मोठ्या कडीला लटकवायचा आणि ती कडी धावत्या इंजिनात चालकाच्या हाती द्यायची. तो गोळा ज्याच्याकडे, त्याचाच पुढचा टप्पा. एक गोळा बाहेर असताना यंत्र दुसरा सोडत नाही, त्यामुळे दोन स्टेशनांमध्ये दोन गाड्या शिरण्याची वाटच बंद होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी गाडी धावली, त्याला आता पावणेदोनशे वर्षे होत आली. या काळातल्या मोठ्या टकरींच्या चौकश्या पाहिल्या, तर बहुतेक ठिकाणी हाच साधा नियम कुठे ना कुठे मोडलेला आढळतो. मोडण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या आहेत, आणि त्या नीट समजून घेतल्याशिवाय ‘मानवी चूक’ हा शब्द वापरू नये, असे मला मनापासून वाटते.

पहिली तऱ्हा फिरोजाबादची. २० ऑगस्ट १९९५ च्या पहाटे तीनच्या सुमारास उत्तर प्रदेशातील फिरोजाबादजवळ कालिंदी एक्सप्रेसला नीलगाय धडकली, ब्रेकच्या यंत्रणेला मार बसला आणि गाडी रुळावरच उभी राहिली. यात अजून कोणाचा जीव गेलेला नव्हता. मागून दिल्लीकडे जाणारी पुरुषोत्तम एक्सप्रेस येत होती, आणि पुढचा मार्ग मोकळा नसतानाच सिग्नलच्या केबिनमधून तिला सिग्नल मिळाला. कालिंदीच्या मागच्या डब्यांमधले लोक गाढ झोपेत होते. या धडकेत साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. फुलीची जी गोष्ट सुरुवातीला सांगितली, तिचे महत्त्व इथे कळते: पुढची गाडी खरोखर पुढे गेली का, याची खात्री माणसाच्या डोळ्यावर आणि तोंडी शब्दावर सोपवलेली होती, आणि पहाटे तीन वाजता थकलेल्या माणसाने ‘गेलीच असेल’ असे गृहीत धरले, तर त्याला अडवणारे दुसरे काहीही त्या ठिकाणी नव्हते. रुळातून बारीक विद्युतप्रवाह सोडून गाडी उभी आहे की नाही हे आपोआप ओळखणारी ‘ट्रॅक सर्किट’ नावाची सोय तेव्हा काही नवी नव्हती. ती सगळीकडे बसवलेली नव्हती, इतकेच.

दुसरी तऱ्हा गैसलची. २ ऑगस्ट १९९९ च्या मध्यरात्रीनंतर बिहार आणि पश्चिम बंगालच्या सीमेवर अवध आसाम एक्सप्रेस आणि ब्रह्मपुत्र मेल या दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि २८५ हून अधिक लोक मरण पावले. त्यांत सुरक्षा दलांचे जवान बरेच होते. मार्ग दुहेरी होता, म्हणजे जाणारी आणि येणारी गाडी वेगळ्या रुळांवर असायला हवी होती. पण किशनगंज स्टेशनात रुळांचे आणि सिग्नलांचे काम चालू असल्याने नेहमीची यंत्रणा बंद होती, गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे हाताने लावले जात होते, आणि त्या गडबडीत अवध आसाम एक्सप्रेस समोरून येणाऱ्या गाडीच्या रुळावर गेली. ती त्याच चुकीच्या रुळावर पुढचे स्टेशन ओलांडून गैसलपर्यंत आली आणि वाटेत कोणाच्याही ध्यानात आले नाही. तेव्हाचे रेल्वेमंत्री नीतीश कुमार यांनी राजीनामा दिला. दुरुस्ती चालू असताना यंत्रणेची कुलपे काढून ठेवावी लागतात आणि तेवढ्या काळात फक्त माणसाचे अवधान उरते, ही गोष्ट गैसलने शिकवायला हवी होती.

चोवीस वर्षांनी तीच गोष्ट बहानगा बाजारला घडली, आणि या वेळी ती अधिक गुंतागुंतीची होती, म्हणून जरा थांबून पाहू. कुठल्याही स्टेशनात मुख्य मार्गाला फुटणारा एक बाजूचा मार्ग असतो, त्याला लूप लाईन म्हणतात. मागून येणाऱ्या वेगवान गाडीला वाट देण्यासाठी मालगाडी तिथे उभी करतात. मुख्य मार्गावरून लूपवर गाडी वळते ती सांध्यामुळे. सांधा सरळ लावला की गाडी सरळ जाते, तिरपा लावला की लूपवर. सांधा आणि सिग्नल यांची सांगड घालणाऱ्या व्यवस्थेला इंटरलॉकिंग म्हणतात. सांधा सरळ लागून पक्का बसला आहे, अशी खबर तारेतून परत आल्याशिवाय सरळ जाण्याचा हिरवा दिवा लागतच नाही. म्हणजे हिरवा दिवा ही केवळ परवानगी नसते, तर सांध्याने स्वतः दिलेली साक्ष असते.

२ जून २०२३ रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास ओडिशातल्या बालेश्वर जिल्ह्यातील या स्टेशनात ही साक्ष खोटी ठरली. लोहखनिजाने भरलेली मालगाडी नुकतीच लूपवर घेतली होती, त्यामुळे सांधा तिरपाच होता. त्याच वेळी जवळच्या फाटकाचा विजेवर उचलला जाणारा आडवा दांडा बदलण्याचे काम चालले होते आणि त्यासाठी सिग्नलच्या पेटीतल्या तारा हाताळल्या गेल्या. जोडणी चुकली होती. सांधा तिरपा असूनही ‘सरळ’ असल्याची खबर यंत्रणेला मिळाली आणि कोरोमंडल एक्सप्रेसला हिरवा दिवा लागला. गाडी ताशी १२८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला पस्तीस मीटर अंतर कापत येत होती. चालकाने सिग्नल पाहिला, तो हिरवा होता, आणि गाडी मुख्य मार्ग सोडून उभ्या मालगाडीवर गेली. तिचे डबे उडून शेजारच्या रुळावर पडले, तिथून त्याच क्षणी बंगळुरूहून हावड्याला जाणारी गाडी जात होती, आणि तिचे शेवटचे डबेही त्यात सापडले. एकूण २९६ माणसे मरण पावली. कोरोमंडलच्या पुढच्या, आरक्षण नसलेल्या डब्यांमध्ये दक्षिणेत मजुरीला निघालेली बंगाल आणि बिहारकडची तरुण मुले खच्चून भरलेली होती. अठ्ठावीस मृतदेहांवर चार महिने कोणी दावा केला नाही, आणि शेवटी भुवनेश्वरच्या महापालिकेने त्यांचे अंत्यसंस्कार केले.

या अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी केली. हे पद मुद्दाम रेल्वेच्या बाहेर ठेवलेले आहे: १९४१ पासून ते रेल्वे खात्याऐवजी हवाई वाहतुकीशी संबंधित खात्याकडे आहे, म्हणजे चूक करणारा आणि चूक शोधणारा एकाच घरचे राहू नयेत. त्यांच्या अहवालातली सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद अपघाताच्या दिवसाबद्दल नाही. तारांची ती जोडणी काही वर्षांपूर्वी बदलली गेली होती आणि तो बदल नकाशावर नीट उतरवलेला नव्हता; शिवाय १६ मे २०२२ रोजी त्याच खरगपूर विभागातल्या बांकडानयाबाज स्टेशनात चुकीच्या जोडणीमुळेच असा प्रकार घडला होता, आणि त्यानंतर योग्य ती पावले उचलली असती तर बहानग्याचा अपघात टळला असता, असे अहवालाने स्पष्ट म्हटले. आणखी एक खूण आधीच मिळालेली होती. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी कर्नाटकात होसदुर्गा रोड स्टेशनात सिग्नल एक आणि सांधा दुसराच असा प्रकार चालकाच्या वेळीच ध्यानात आल्याने मोठा अनर्थ टळला, आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने यंत्रणेतल्या या गंभीर त्रुटीबद्दल लेखी इशारा दिला होता. त्यानंतर चार महिन्यांच्या आत बहानगा घडले. सीबीआयने सिग्नल विभागातल्या तीन कर्मचाऱ्यांना अटक केली. त्यांची चूक असेल तर ती न्यायालयात ठरेलच. पण लेखी इशारा ज्या टेबलांवरून फिरला, त्या टेबलांचा हिशेब कोणी मागितल्याचे दिसत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

सगळेच अपघात टकरीचे नसतात. या देशात रेल्वेचा सर्वांत जुना शत्रू पाणी आहे. १९५६ च्या सप्टेंबरमध्ये महबूबनगरजवळ पूल खचून शंभराहून अधिक प्रवासी गेले, आणि २३ नोव्हेंबरला तमिळनाडूतल्या अरियलूरजवळ मरुदैयारू नदीच्या पुराने पुलाचा आधार वाहून गेल्यावर तुतिकोरिनची एक्सप्रेस पाण्यात कोसळली. लालबहादूर शास्त्री यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून रेल्वेमंत्रिपद सोडले, ते या दुसऱ्या अपघातानंतर. १९६४ च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळात धनुष्कोडीच्या तोंडाशी आलेली पॅसेंजर गाडी समुद्राच्या लाटेने प्रवाशांसकट गिळली. आणि ६ जून १९८१ रोजी बिहारमध्ये मानसीहून सहरशाकडे निघालेल्या गाडीचे सात डबे बागमती नदीत पडले. वादळी वाऱ्याने डबे ढकलले असे काही जण सांगतात, रुळावर आलेले जनावर वाचवण्यासाठी चालकाने जोराचा ब्रेक मारला असे इतर सांगतात. मृतांचा आकडाही पाचशेपासून आठशेपर्यंत वेगवेगळा दिला जातो. डब्यांच्या टपांवर आणि दारांत लटकून माणसे प्रवास करत होती, त्यामुळे गाडीत नेमके किती जण होते हे सांगणे कोणालाच शक्य नव्हते. भारतातला सर्वांत मोठा रेल्वे अपघात म्हणून याचीच नोंद होते.

कोकणातल्या माणसाला पाण्याचा हा धोका डोंगराच्या रूपाने माहीत आहे. कोकण रेल्वे डोंगर कापून काढलेल्या खोल खिंडींतून जाते, आणि जांभा दगडाच्या त्या उभ्या कडा पावसात भिजून सुटतात. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची खास गाडी रुळावर आलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासच्या वर माणसे गेली. वर्ष पुरे व्हायच्या आत, १६ जून २००४ रोजी करंजाडी आणि वीरच्या दरम्यान मत्स्यगंधा एक्सप्रेस अशाच दगडामुळे पुलापाशी घसरली. त्यानंतर मात्र काम झाले, हे नोंदवले पाहिजे. कडांचा उतार कमी केला, दगड अडवणाऱ्या जाळ्या बसवल्या, पावसाळ्यात दिवसरात्र गस्त ठेवली, आणि पाऊस जोरात असताना गाडी ताशी चाळीस किलोमीटरच्या वर नेऊ नये असा नियम घातला. मुंबईहून गावी जाताना जूनपासून गाडीच्या वेळा बदलतात आणि प्रवास लांबतो, त्याबद्दल आपण कुरकुर करतो. त्या लांबलेल्या वेळेमागे वैभववाडी आहे.

रुळाचेही तसेच आहे. पोलाद उन्हाने वाढते आणि थंडीने आखडते. उन्हाळ्यात रूळ वाकतो आणि हिवाळ्यात त्याला तडा जातो. २६ नोव्हेंबर १९९८ च्या पहाटे पंजाबातल्या खन्ना गावाजवळ तुटलेल्या रुळावरून फ्रंटियर मेलचे डबे घसरून शेजारच्या मार्गावर आडवे झाले, आणि पाठोपाठ जम्मूहून सियालदाहला निघालेली गाडी त्यांच्यावर येऊन आदळली. २१२ जण मरण पावले. असा तडा शोधणे हे रोज पहाटे हातोडा, पाना, झेंड्या आणि धोक्याचे फटाके घेऊन आपला ठरलेला तुकडा पायी तुडवणाऱ्या की-मनचे काम आहे. रूळ पकडून ठेवणारी किल्ली सैल झाली असेल तर तो हातोड्याने ठोकून बसवतो, दोन रुळांच्या जोडाजवळ वाकून पाहतो. अडचणीच्या वेळी येणाऱ्या गाडीपुढे रुळावर फटाका बांधणे हेच त्याचे शेवटचे साधन असते. आता कानाला ऐकू न येणाऱ्या श्राव्यातीत लहरींनी रुळाच्या पोटातली भेग तपासणारी यंत्रे आली आहेत, तरीही थंडीच्या रात्री गस्त घालणाऱ्या माणसाचे काम त्यांनी संपवलेले नाही.

घसरल्यावर किती माणसे मरतील, हे बऱ्याच अंशी डब्यावर ठरते. आपल्या जुन्या निळ्या डब्यांची जोडणी स्क्रूची होती. धक्का बसला की एक डबा उचलून दुसऱ्यात घुसत असे, दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत सरकाव्यात तसा. २० नोव्हेंबर २०१६ रोजी कानपूरजवळ पुखरायाँ इथे इंदूर–पाटणा एक्सप्रेसच्या डब्यांचे असेच झाले आणि सुमारे दीडशे जण गेले. जर्मन बनावटीवरून घेतलेल्या एलएचबी डब्यांची मधली जोडणी असे चढणे रोखते. हे डबे या शतकाच्या सुरुवातीपासून देशात होते, पण जुन्या पद्धतीचे डबे बनवणे थांबले ते २०१८ मध्ये. मधल्या काळात, २०१२ मध्ये, डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने जुने डबे बनवणे बंद करा, सर्व फाटके पाच वर्षांत काढून पूल बांधा, सिग्नल यंत्रणा आधुनिक करा, रेल्वेपासून स्वतंत्र असे सुरक्षा प्राधिकरण नेमा, आणि या सगळ्याला पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये लागतील, असे सांगितले होते. पैशाचा निधी २०१७ मध्ये आला, ब्रॉडगेजवरची माणूस नसलेली फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपली, आणि स्वतंत्र प्राधिकरण अजूनही झालेले नाही.

या सुधारणांचा परिणाम झाला, हे आकडे सांगतात. २०००-०१ मध्ये गंभीर स्वरूपाचे ४७३ रेल्वे अपघात झाले होते, २०१४-१५ मध्ये १३५ आणि २०२४-२५ मध्ये ३१. आता भर आहे तो ‘कवच’ या यंत्रणेवर. टकरी टाळणाऱ्या उपकरणाचा पहिला मोठा प्रयत्न आपल्या कोकण रेल्वेने गैसलच्या काळात ‘रक्षा कवच’ या नावाने केला होता. आजच्या कवचात रुळांवर बसवलेल्या खुणेच्या चकत्या, इंजिनातला संगणक आणि स्टेशनातला रेडिओ एकमेकांशी बोलतात, आणि चालकाने लाल सिग्नल ओलांडायचा प्रयत्न केला तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो. फिरोजाबादसारखा अपघात ते बहुधा रोखेल. पण बहानग्यात सिग्नलच हिरवा होता, आणि कवच त्याच सिग्नल यंत्रणेच्या सांगण्यावर चालते; पेटीतली तार चुकीची जोडलेली असेल, तर कवचही तीच खोटी साक्ष खरी मानेल. शिवाय सुमारे ६९ हजार किलोमीटरच्या जाळ्यातला थोडाच भाग अजून त्याच्या संरक्षणाखाली आहे.

वर दिलेल्या आकड्यांतून एक फार मोठी गोष्ट सुटते. काकोडकर समितीने नोंदवले होते की रूळ ओलांडताना दरवर्षी सुमारे पंधरा हजार माणसे मरतात, आणि त्यांतली सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. कुठलाही सुसंस्कृत समाज अशी कत्तल सहन करू शकत नाही, असे कडक शब्द त्या अहवालात आहेत. मुंबईतला आकडा पुढे खाली आला, तरी गाडीतून पडण्यासारखी इतर कारणेही धरली तर तिथले मृत्यू आजही वर्षाला दोन हजारांहून अधिक आहेत. रेल्वेच्या हिशेबात मात्र हे अपघात नसतात. टक्कर, घसरणे, आग, फाटकावरची धडक हे अपघात. गर्दीमुळे दारातून पडलेला प्रवासी कायद्याच्या भाषेत ‘अनुचित घटना’, तिची भरपाई मिळू शकते. आणि रूळ ओलांडणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने अतिक्रमण करणारा. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले, तेव्हा दोन्ही गाड्या आपापल्या टप्प्यात, आपापल्या सिग्नलप्रमाणेच धावत होत्या. त्याच वर्षी जानेवारीत जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून शेजारच्या रुळावर उतरलेले किमान बारा जण कर्नाटक एक्सप्रेसखाली गेले, तेव्हाही त्या एक्सप्रेसला मिळालेला सिग्नल चुकीचा नव्हता.

आणि ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ तीच गोष्ट घडली. टाळेबंदीत जालन्याहून आपल्या गावांकडे चालत निघालेले मजूर थकून रुळावरच झोपले, गाड्या बंद आहेत असे समजून. मालगाडीखाली सोळा जण मेले. खडीवर त्यांच्या भाकऱ्या विखुरलेल्या होत्या. मालगाडीच्या चालकाला पुढचा टप्पा मोकळा असल्याचा शब्द मिळालेला होता, आणि यंत्रणेच्या दृष्टीने तो मोकळाच होता, कारण टप्पा मोकळा आहे की नाही हे ठरवताना ती फक्त गाड्या मोजते.